ब्राउझरातील चित्रफीत-संकेतन : सामर्थ्य आणि अनुज्ञा

१

यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना वेगवाढीलाच मूळ कारण मानण्याचा प्रघात अभ्यासकांत रूढ आहे. यंत्र मंद होते तोवर अमुक गोष्ट अशक्य होती. यंत्र वेगवान झाले आणि ती शक्य झाली, अशी ही मांडणी असते. वेबवरील चित्रफितींचे संकेतन व रूपांतर ब्राउझरातच, जावास्क्रिप्ट या भाषेच्या साहाय्याने, कसे होऊ लागले याचा वृत्तांतही सामान्यतः याच रीतीने सांगितला जातो. प्रथम जावास्क्रिप्ट मंद होती, मग ती वेगवान झाली, आणि जे काम दूरच्या सर्व्हरवर करावे लागे ते वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर होऊ लागले, असा त्याचा सारांश. हा वृत्तांत खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. २००९ ते २०२१ या बारा वर्षांतील घटनाक्रम बारकाईने पाहिला असता असे दिसून येते की, त्यातील निर्णायक वळणे वेगामुळे आलेली नसून अनुज्ञेच्या प्रश्नांमुळे आलेली आहेत. वेबवरून आलेल्या अनोळखी आज्ञावलीला आपल्या यंत्रावर काय करू द्यावे, हा त्यांतला एक प्रश्न. आणि संकेतनाची विशिष्ट रीत वापरण्याचा हक्क कोणाकडे असावा, हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या आधारे सदर इतिहासाची मांडणी करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

विषयात शिरण्यापूर्वी संकेतन म्हणजे काय, आणि त्याची गरज का पडते, हे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे एक चित्र नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे दर बिंदूस सरासरी दीड बाइट धरून साठविले, तर त्यास ३१,१०,४०० बाइट लागतात. सेकंदास अशी पंचवीस चित्रे धरली, तर एका सेकंदास ७ कोटी ७७ लक्ष ६० हजार, आणि एका मिनिटास ४६६ कोटी ५६ लक्ष बाइट होतात. एवढी सामग्री जशीच्या तशी साठविणे वा पाठविणे व्यवहार्य नसते. म्हणून प्रत्येक चित्राचे लहान लहान चौकोन पाडावयाचे. तो चौकोन आधीच्या चित्रात कोठे होता हे शोधावयाचे. तेथून तो किती सरकला एवढेच नोंदवावयाचे. उरलेला फरक गणिती रूपांतर करून स्थूल मापात बसवावयाचा. आणि शेवटी जे अंक वारंवार येतात त्यांस आखूड चिन्हे द्यावयाची. यालाच संकेतन, किंवा व्यवहारात एन्कोडिंग, असे म्हणतात. उलट क्रियेस विसंकेतन म्हणावे. एका रीतीने संकेतित केलेली चित्रफीत उलगडून दुसऱ्या रीतीने पुन्हा संकेतित करणे, हे रूपांतर होय.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली ही की, संकेतन आणि विसंकेतन यांचे श्रम सारखे नाहीत. विसंकेतकास केवळ सांगितलेला मार्ग आक्रमावयाचा असतो. संकेतकास तो मार्ग शोधावयाचा असतो, आणि बहुतेक काळ या शोधातच जातो. म्हणूनच ब्राउझरात जावास्क्रिप्टने चित्रफीत उलगडणे आधी जमले आणि रचणे मागाहून. दुसरी गोष्ट ही की, संकेतनाची रीत आणि तिचे वेष्टन या भिन्न वस्तू आहेत. एमपी४ किंवा वेबएम हे वेष्टन आहे, त्यात एच.२६४, व्हीपी८ अशा कोणत्या तरी रीतीने संकेतित झालेली चित्रे असतात. या भेदाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

३

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत असताना रचली. पृष्ठांवरील अर्ज तपासणे, चित्रे बदलणे अशा लहान कामांसाठी ती होती, आणि तिच्यावरील बंधनेही त्याच बेताची होती. वेबवरून आलेली आज्ञावली ही परक्याची आज्ञावली होय. तिला संगणकावरील फाइली वाचू देऊ नयेत, असा दंडक प्रारंभापासून होता. त्यामुळे चित्रफितीचे रूपांतर करावयाचे तर एकच राजमार्ग उरे : मूळ फीत सर्व्हरकडे पाठवावयाची, तेथे रूपांतर व्हावयाचे, आणि फलित तेथूनच पहावयाचे. २००५ साली सुरू झालेल्या यूट्यूबने हीच पद्धत सार्वत्रिक केली. लोकांनी पाठविलेल्या नाना प्रकारच्या फिती तेथे फ्लॅशला मानवेल अशा रूपात आणल्या जात. वापरणाऱ्यास यातील काहीच करावे लागत नसे; मात्र मूळ फीत दुसऱ्याच्या हाती द्यावी लागे, आणि कोणत्या रूपात ती जगापुढे यावी हे तोच दुसरा ठरवी.

रूपांतराची साधने दुर्मिळ होती असे मात्र नव्हे. फाब्रिस बेलार यांनी २००० साली आरंभिलेला एफएफएमपेग हा मुक्त स्रोत प्रकल्प तोवर चांगलाच प्रौढ झाला होता आणि साध्या घरगुती संगणकावरही तो उत्तम चाले. सामर्थ्य वापरणाऱ्याच्या मेजावर होते. वेबच्या पृष्ठास त्याला हात लावण्याची मुभा नव्हती.

४

या मुभेचा प्रश्न २००९ साली ऐरणीवर आला, आणि त्याच्यासमवेत हक्काचाही. ऑपेरा कंपनीने फेब्रुवारी २००७ मध्ये असे सुचविले होते की, चित्राप्रमाणेच चित्रफितीसाठीही एचटीएमएलमध्ये स्वतंत्र घटक असावा, म्हणजे फ्लॅशसारख्या उपऱ्या जोडणीची गरज उरणार नाही. ही सूचना सर्वांना मानवली. परंतु त्या घटकात चित्रफीत कोणत्या रीतीने संकेतित असावी, यावर मतभेद झाले. एका बाजूस २००३ साली सिद्ध झालेली एच.२६४ ही रीत होती. ती गुणवत्तेत सरस होती, पण तिच्यावर अनेक कंपन्यांची पेटंटे होती आणि तिच्या वापरासाठी स्वामित्वशुल्क देणे प्राप्त होते. दुसऱ्या बाजूस ऑग थिओरा ही मुक्त रीत होती. ती ऑन२ कंपनीने खुल्या केलेल्या व्हीपी३ या रीतीपासून निघालेली असून तिची १.० आवृत्ती नोव्हेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. मोझिलाने ३० जून २००९ रोजी प्रसिद्ध केलेल्या फायरफॉक्स ३.५ मध्ये थिओराचा स्वीकार केला. ॲपलने तो नाकारला. त्याच सुमारास एचटीएमएलच्या मसुद्याचे संपादक इयन हिक्सन यांनी सर्वमान्य होईल अशी एकही रीत नाही असे सांगून मसुद्यातील त्याविषयीचा भागच काढून टाकला. परिणामी एकच चित्रफीत दोन-दोन रूपांत ठेवणे भाग पडले, आणि रूपांतर ही तज्ज्ञांची बाब न राहता सामान्य लेखकाची अडचण होऊन बसली.

ही अडचण सर्वांत तीव्रतेने जाणवली ती विकिमीडिया कॉमन्स या भांडारास. मराठी विकिपीडियासह सर्व भाषांतील विकिपीडियांना चित्रे व फिती पुरविणाऱ्या या भांडारात केवळ मुक्त रूपांतील फाइलीच स्वीकारल्या जात. कॅमेऱ्यातून निघणाऱ्या फिती मात्र बहुधा मुक्त रूपात नसत. या पेचातून फायरफॉग नावाचे साधन पुढे आले. ही फायरफॉक्सची एक जोडणी होती. पृष्ठावरील जावास्क्रिप्ट तिला आज्ञा करी; ती वापरणाऱ्याकडून फाइल निवडून घेई, त्याच्याच संगणकावर मूळ यंत्रभाषेत चालणाऱ्या संकेतकाकडून तिचे ऑग थिओरामध्ये रूपांतर करवी, आणि तयार फीत सर्व्हरकडे धाडी.

प्रस्तुत लेखकाच्या मते फायरफॉगला या इतिहासात आजवर मिळाले त्याहून मोठे स्थान मिळावयास हवे. पृष्ठावरील जावास्क्रिप्टच्या आज्ञेने, वापरणाऱ्याच्या यंत्रावर, यंत्राच्या पूर्ण वेगाने होणारे संकेतन २००९ च्या सुमारास प्रत्यक्ष अस्तित्वात होते. म्हणजे वेगाचा अडसर, निदान या मार्गापुरता, मुळात नव्हताच. हे साधन टिकले नाही याचे कारण अन्यत्र आहे. फायरफॉक्सच्या जुन्या जोडण्यांना संपूर्ण ब्राउझरावर, किंबहुना त्यायोगे संपूर्ण संगणकावर, अधिकार असे. हा अधिकार धोक्याचा आहे असे ठरल्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ पासून ती पद्धतच बंद करण्यात आली. शिवाय मे २०१० मध्ये गूगलने व्हीपी८ ही रीत वेबएम या वेष्टनासह खुली केल्यावर थिओराचे महत्त्वही ओसरले होते.

५

जोडणीचा मार्ग सर्वांसाठी नव्हता, कारण त्यास आधी काहीतरी बसवून घ्यावे लागे. दुसरा मार्ग असा की, ब्राउझराने आधीच दिलेल्या मर्यादित अधिकारांतच संकेतन साधावयाचे. २०१० च्या सुमारास वापरणाऱ्याने स्वतः निवडलेली फाइल जावास्क्रिप्टला वाचता येऊ लागली. हीही अनुज्ञाच, पण निवडीपुरती, बेतशीर. बाइटांच्या रांगा थेट हाताळण्याची सोयही भाषेत आली.

या मर्यादेत राहून केलेला एक चतुर प्रयोग उल्लेखनीय आहे. व्हॅमी या २०१२ च्या सुमाराच्या जावास्क्रिप्ट साधनाने असे हेरले की, गूगलचे वेबपी हे स्थिरचित्राचे रूप म्हणजे वस्तुतः व्हीपी८ या रीतीने संकेतित केलेले एक स्वतंत्र चित्रच होय. क्रोम ब्राउझर पृष्ठावरील चित्रफलकाचे वेबपी करून देई. तेव्हा अशी चित्रे ओळीने वेबएमच्या वेष्टनात बसविली की चित्रफीत सिद्ध होई. संकेतनाचे कष्ट ब्राउझराने आधीच घेतलेले असत. यातील उणीव उघड आहे. प्रत्येक चित्र स्वतंत्र असल्याने आधीच्या चित्राशी तुलना करून साधणारी बचत येथे होत नसे, आणि फाइल अवाजवी मोठी होई. तथापि रीत आणि वेष्टन यांतील भेदाचा असा उपयोग होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

तिसरा मार्ग अधिक मूलगामी होता. मोझिलातील अलोन झकाई यांनी २०१० साली एमस्क्रिप्टेन हा अनुवादक हाती घेतला. सी वा सी++ भाषेत लिहिलेली आज्ञावली तो जावास्क्रिप्टमध्ये उतरवी. २०११ साली याच मार्गाने अँड्रॉइडमधील एच.२६४ चा विसंकेतक ब्राउझरात आणला गेला. त्याचे नाव ब्रॉडवे. जावास्क्रिप्टमध्ये मूळचा एकच अंकप्रकार, चौसष्ट बिटांचा दशांशी अंक, असल्याने पूर्णांकांवर चालणारे संकेतनाचे गणित तिला जड जाई. २०१३ साली मोझिलाने एएसएम.जेएस हा जावास्क्रिप्टचा एक काटेकोर उपसंच पुढे आणला. त्यात प्रत्येक अंकाचा प्रकार लिखाणाच्या ढंगावरूनच ब्राउझरास कळे, आणि म्हणून त्याचे यंत्रभाषेत आगाऊ रूपांतर करता येई. एफएफएमपेगच ब्राउझरात चालविण्याचे प्रयोग यानंतर होऊ लागले. पुढे २०१५ साली घोषित झालेले वेबअसेम्ब्ली २०१७ मध्ये चारही प्रमुख ब्राउझरांत आले आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी डब्ल्यूथ्रीसीचे अधिकृत प्रमाण ठरले. त्यावर उभे असलेले एफएफएमपेग-वॅझम हे साधन आज या क्षेत्रात सर्वपरिचित आहे.

वेगाच्या बाजूने जे म्हणावयाचे ते येथेच म्हटले पाहिजे. एएसएम.जेएस आणि वेबअसेम्ब्ली नसती तर हा तिसरा मार्ग कुतूहलाच्या पलीकडे गेला नसता. तरीही त्याची मर्यादा मोठी राहिली. एफएफएमपेग-वॅझमच्या स्वतःच्या दस्तऐवजात दिलेल्या एका तुलनेत, जे रूपांतर मूळ एफएफएमपेग सुमारे पाच सेकंदांत करतो, त्यास ब्राउझरात एका धाग्यावर दोन मिनिटांहून अधिक आणि अनेक धाग्यांवर सुमारे एक मिनिट लागले. स्मृतीचीही सीमा आहे : बत्तीस बिटांच्या वेबअसेम्ब्लीस ४२९ कोटी ४९ लक्षांपलीकडे बाइट संबोधिता येत नाहीत, म्हणजे वर हिशेब केलेली एका मिनिटाची असंकेतित फीतही तीत मावणार नाही.

६

अनेक धाग्यांचा उल्लेख आला. त्याच्याच इतिहासात आपल्या प्रतिपादनाचा सर्वांत बळकट पुरावा सापडतो. संकेतनाचे काम अनेक प्रक्रियांत वाटून द्यावयाचे तर त्या सर्वांना एकच स्मृती पाहता आली पाहिजे. अशी सामाईक स्मृती, शेअर्डॲरेबफर या नावाने, २०१७ च्या उत्तरार्धात क्रोम व फायरफॉक्स यांत उपलब्ध झाली. ३ जानेवारी २०१८ रोजी स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरांच्या रचनेतील दोष जाहीर झाले. प्रोसेसर पुढील पायरी आगाऊ करून ठेवतो. त्या आगाऊ कामाच्या खुणा अतिसूक्ष्म कालमापनाने वाचता येतात, आणि त्यावरून दुसऱ्याची गुपिते कळू शकतात, असा स्पेक्टरचा आशय. सामाईक स्मृतीत एका धाग्याने नुसते अंक मोजीत राहिले की ती असे सूक्ष्म घड्याळच बनते. यास्तव काही दिवसांच्या आत प्रमुख ब्राउझरांनी ती बंद केली. फायरफॉक्सने ४ जानेवारीस काढलेल्या सुधारित आवृत्तीत उपलब्ध घड्याळाची सूक्ष्मताही वीस मायक्रोसेकंदांपर्यंत कमी केली.

या प्रसंगाचे ऐतिहासिक मोल असे आहे की, येथे एकच घटक बदलला. संगणक तेच होते, भाषा तीच होती, संकेतनाची गरजही तीच होती. अनुज्ञा तेवढी काढून घेतली गेली, आणि सामर्थ्य निरुपयोगी झाले. क्रोमने प्रत्येक संकेतस्थळास वेगळ्या प्रक्रियेत ठेवण्याची तजवीज करून २०१८ मध्येच मेजावरील संगणकांपुरती ती परत दिली. फायरफॉक्समध्ये ती जुलै २०२० मध्ये आवृत्ती ७९ सोबत, सशर्त, परतली. अट अशी की, पृष्ठाने सर्व्हरच्या शीर्षकांद्वारे स्वतःस इतर स्थळांपासून विलग घोषित केले पाहिजे, आणि ज्या परक्या सामग्रीने स्पष्ट संमती दिलेली नाही ती त्या पृष्ठात येता कामा नये. क्रोमनेही जुलै २०२१ मध्ये आवृत्ती ९२ पासून हीच अट लागू केली. ज्यांना आपल्या सर्व्हरची शीर्षके बदलण्याचा अधिकार नाही, त्यांना बहुधाग्याचे संकेतन यामुळे दुष्कर झाले.

७

हक्काचा प्रश्नही या काळात सुटलेला नव्हता. एच.२६४ चा परवाना देणाऱ्या एमपेग एलए या संस्थेने ऑगस्ट २०१० मध्ये असे जाहीर केले की, प्रेक्षकास मोफत असलेल्या इंटरनेट-चित्रफितींवर शुल्क कधीच आकारले जाणार नाही. ही सवलत प्रसारणास होती. संकेतक व विसंकेतक वितरित करणाऱ्यांस नव्हती. ऑक्टोबर २०१३ मध्ये सिस्को कंपनीने आपल्या संकेतकाचा स्रोत ओपनएच२६४ या नावाने खुला केला, आणि त्याच्या सिद्ध प्रती आपणच वाटून त्यांचे शुल्क आपणच भरू, अशी तोड काढली. फायरफॉक्सने ती स्वीकारली. उलट, २०१४ च्या प्रारंभी विकिमीडियाच्या समुदायात एमपी४ स्वीकारावे काय यावर मोठी चर्चा झाली आणि तो प्रस्ताव फेटाळला गेला. तांत्रिक अडचण येथे काडीमात्र नव्हती. एखादे पृष्ठ एच.२६४ च्या संकेतकासह एफएफएमपेग वाचकाच्या ब्राउझरात उतरविते, तेव्हा ते केवळ सेवा देत नाही, तर संकेतकाचे वितरणच करीत असते, ही बाब या संदर्भात विसरून चालणार नाही.

या दोन्ही प्रश्नांना एकत्रित उत्तर मिळाले ते सप्टेंबर २०२१ मध्ये, क्रोमच्या ९४ व्या आवृत्तीत आलेल्या वेबकोडेक्समुळे. ब्राउझराजवळ स्वतःचे संकेतक व विसंकेतक पूर्वीपासून होतेच. मीडियारेकॉर्डर या सोयीने त्यांचा अंशतः लाभही मिळे. पण ती सोय चालू प्रवाह नोंदविण्यासाठी असल्याने तासाभराच्या फितीस तासभर लागे. वेबकोडेक्सने तेच संकेतक जावास्क्रिप्टपुढे एकेका चित्राच्या पातळीवर खुले केले. यंत्रात संकेतनाचे स्वतंत्र परिपथ असतील तर त्यांचाही उपयोग होऊ लागला. परकी यंत्रभाषा चालविण्याचा धोका टळला, आणि पेटंटांचा भार पृष्ठाच्या लेखकाकडून ब्राउझर व ऑपरेटिंग सिस्टिम देणाऱ्यांकडे गेला. सफारीत चित्रांपुरती ही सोय मार्च २०२३ मध्ये आणि मेजावरील फायरफॉक्समध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये आली. वेष्टनाचे काम मात्र वेबकोडेक्स करीत नाही, ते एमपी४बॉक्स.जेएससारख्या जावास्क्रिप्ट ग्रंथालयांकडे राहिले.

सूक्ष्मपणे पाहिले तर ही रचना फायरफॉगचीच आहे : पृष्ठावरील जावास्क्रिप्टने आज्ञा करावी आणि यंत्राच्या मूळ वेगाने चालणाऱ्या संकेतकाने काम करावे. मधल्या बारा वर्षांत जे मिळविले गेले ते मुख्यतः सामर्थ्य नव्हे, तर ते सामर्थ्य परक्याच्या हाती सुरक्षितपणे कसे द्यावे याची घडी होय. तिची किंमतही आहे. कोणती रीत उपलब्ध असेल हे आता ब्राउझर ठरवितो. आज्ञावलीस आधी विचारून पहावे लागते, आणि नकार आला तर परत फिरावे लागते. एफएफएमपेगचा मार्ग मंद असला तरी त्यात रीतीची निवड लेखकाच्या हाती असते. म्हणूनच दोन्ही मार्ग अद्याप एकत्र नांदत आहेत.

८

हा विषय आपल्या विभागाच्या कक्षेबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. परंतु तसे नाही. मौखिक इतिहासाच्या मुलाखती आता चित्रफितींच्या रूपात जमा होतात, आणि त्यांचे रूपांतर करण्याचा प्रसंग प्रत्येक संशोधकावर येतो. ज्याने विश्वासाने आपली हकीकत सांगितली, त्याची मूळ फीत परक्या सर्व्हरकडे पाठवावयाची की आपल्याच यंत्रावर तिचे रूपांतर करावयाचे, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. एखादे साधन सर्व काम ब्राउझरातच करते असे म्हणत असेल, तर पृष्ठ व त्याची सामग्री पूर्ण उतरल्यावर इंटरनेट तोडून ते चालते काय, हे पाहणे ही प्राथमिक परीक्षा होय. ती पुरेशी नाही, पण जे साधन तीत नापास होते ते आपोआप बाद होते.

दुसरा बोध अधिक सावधगिरीचा आहे. फायरफॉगची वाट २०१७ मध्ये बंद झाली. फ्लॅशचे आयुष्य ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले. सामाईक स्मृती काही दिवसांत काढून घेतली गेली. ब्राउझराने दिलेली अनुज्ञा ब्राउझर परतही घेऊ शकतो. तेव्हा अशा साधनांचा उपयोग अवश्य करावा, पण मूळ फीत अबाधित ठेवावी, आणि रूपांतरित प्रतीसोबत तिची रीत, वेष्टन व रूपांतराचे साधन यांची नोंद लिहून ठेवावी. ताम्रपटाचे वाचन करणारा जसा ताम्रपट वितळवीत नाही, तसेच हे आहे. पुढील अभ्यासकाच्या हाती कोणते साधन असेल हे आपल्या स्वाधीन नाही. मूळ पुरावा त्याच्यापर्यंत पोचविणे मात्र आहे.